एकाच जिल्ह्यातले दोन पाऊस

पोलादपूरहून आंबेनळी घाटाला लागेपर्यंत पावसाने अंगाला हात लावला नव्हता. कोकणात नुसता उकाडा आणि चिकचिक. निम्मा घाट चढला आणि वायपर कमी पडायला लागले.

महाबळेश्वरच्या हॉटेलबद्दल एवढंच सांगतो, की उशीसुद्धा ओली होती. तक्रार केली तर "जुलैत असंच असतं साहेब" असं उत्तर मिळालं. खरंच आहे म्हणा.

डोकं फिरलं ते पॉइंटवर. कठड्याशी उभी असलेली मंडळी वैतागली होती. "काहीच दिसत नाही, पैसे वाया गेले." अहो, ढग बघायला तुम्ही विमानात खिडकीची सीट मागता ना? इथे ढगाच्या पोटात उभे आहात! हे अर्थातच मनातल्या मनात. मी माझ्या स्वेटरची बाही डोळ्यांजवळ नेली. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर पांढरी भुकटी बसली होती. नीट पाहिलं तर ते सगळे थेंब. ढगातला एक कण साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा असतो, इतका हलका की वाऱ्यावर तरंगत राहतो. दोन मिलिमीटरचा एक थेंब व्हायला असे दहा लाख कण लागतात. बाहीवर तेच चाललं होतं. एक थेंब शेजारच्याला चिकटायचा, जाड व्हायचा, वाटेतल्या चारदोघांना गिळत मनगटाकडे घरंगळायचा. वर ढगातही असंच होतं. मोठा थेंब खाली पडताना लहानांना ओढून घेतो.

समोरची दरी त्या ढगाचा कारखानाच होती. अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा सह्याद्रीला थडकतो आणि त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते आणि पसरली की थंड होते, सुरुवातीला किलोमीटरला दहा अंशांच्या घरात. मग वाफ मिठाच्या, धुळीच्या बारीक कणांना धरून पाणी होते. शाळेत भूगोलात 'प्रतिरोध पर्जन्य' पाठ केला होता, आकृतीसकट. त्या आकृतीत कानात शिरणारा वारा मात्र कोणी काढला नव्हता.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणी वीसेक किलोमीटरवर, पण तिथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. पसरणी घाट उतरून वाईत आलो तर रस्ता कोरडा आणि रेनकोट घातलेला मी एकटाच. उतरणारी हवा दबते, तापते आणि ढग विरतो. डोंगराच्या या बाजूला पर्जन्यछाया. पुढे पूर्वेला माण तालुक्यात तर पाचशे मिलिमीटरच्या आसपासच. जिल्हा तोच, सातारा!

चहाच्या टपरीवर एका काकांनी रेनकोटकडे बघून विचारलं, "वर पडतोय का?"

"ओततोय."

"मग झालं. आमचा खरा पाऊस वळवाचा, नाहीतर परतीचा."

वळीव म्हणजे आरोह पर्जन्य. उन्हाने जमीन तापते, हवा सरळ वर उठते, दुपारी ढग उंच चढतात आणि संध्याकाळी गडगडाट करत तासाभरात मोकळे होतात. शेजारचं गाव कोरडं राहिलं तरी त्यांना पर्वा नसते. तिसरा आवर्ताचा, कमी दाबाच्या पट्ट्याभोवती हवा गोल फिरत वर चढते तेव्हाचा. तो मोठ्या मुलखावर पसरतो आणि दिवसेंदिवस मुक्काम ठोकतो. काकांना यातलं कुठलंच नाव नको होतं.

"इथं नाही पडला तरी चालतंय," ते म्हणाले, "वर पडला की कृष्णेला पाणी येतं अन् धोम धरण भरतं. तुम्ही वैतागला असाल तिकडं, पण अजून आठवडाभर तरी तसाच पडू द्या."