सगळे डावीकडे सरका!

ऑस्टिनला राहणाऱ्या आमच्या भावजींनी आणि त्यांच्या मित्राने मिळून एक सेकंडहँड बोट घेतलीय, आणि तेव्हापासून आमच्याकडे उन्हाळा म्हणजे लेक ट्रॅव्हिस, तिथला तलाव, हे ठरूनच गेलंय. आम्ही ह्यूस्टनला, म्हणजे गाडीने तीनेक तास, शुक्रवारी ऑफिस आटपून निघायचं, रात्री जाऊबाईंकडे पोचून गप्पा मारत बसायचं नाही, सरळ झोपायचं, कारण पहाटे पाण्यावर जायचं असतं. या वेळी बाबापण होते, सांगलीहून आलेत ते तीन महिन्यांसाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले फोटो बघून खूप जणींनी विचारलं की दोरीबिरी काही न धरता तू बोटीच्या मागे पाण्यावर उभी कशी, ते आहे तरी काय, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय.

तर हे वेकसर्फिंग. बोट पाण्यातून जाते तेव्हा मागे जी लाट उठते तिच्यावर बोर्ड घेऊन उभं राहायचं. वॉटर स्कीइंग बऱ्याच जणांनी बघितलेलं असतं, त्यात बोट तुम्हाला ओढत असते, दोरी सुटली की खेळ संपला. इथे दोरी फक्त उभं राहीपर्यंत. एकदा लाटेतली नेमकी जागा सापडली की दोरी सैल पडते, हाताला ओढ लागायचीच थांबते, मग ती बोटीत फेकून द्यायची आणि पुढचं सगळं लाट करते. लाटेचा उतार बोटीच्या मागोमाग पुढे सरकत असतो आणि आपण त्या उतारावरून सारखे खाली घसरत असतो, दोन्हीचा वेग एकच, त्यामुळे बोटीतून बघणाऱ्याला वाटतं ही एका जागी उभी आहे. स्पीडही फार नसतो, ताशी १० ते ११ मैल, म्हणजे सोळा ते अठरा किलोमीटर. वेकबोर्डिंगला, म्हणजे पाय बोर्डला बांधून दोरीने ओढत नेतात त्या खेळाला, याच्या दुप्पट लागतो. आणि अंतर इतकं कमी की बोटीत बसलेल्यांशी नॉर्मल आवाजात नाही पण जरा मोठ्याने बोलता येतं, त्यांचे चेहरे दिसतात, कोण चटणी-दशमी खातंय ते दिसतं. मला हा खेळ आवडतो तो यासाठीच. बाकीच्या वॉटर स्पोर्टमध्ये एक जण लांब कुठेतरी पाण्यावर आणि बाकीचे बोटीत मोबाइल बघत बसलेले. इथे ती लाट बोटीतल्या माणसांनी बनते, अगदी खरोखर, आता सांगते कशी.

बोट पुढे जाताना पाणी दोन्ही बाजूंना लोटते आणि ती पुढे सरकली की ते पाणी रिकामी जागा भरायला परत येतं. दोन्हीकडून आलेलं पाणी मागे मध्यभागी एकमेकांवर आपटतं आणि फेस होतो. सर्फिंगला फेस चालत नाही, एका बाजूला स्वच्छ, लांब, गुळगुळीत उतार लागतो. हल्लीच्या बोटींना त्यासाठी मागच्या बाजूला उघडझाप होणारी पाती असतात, डावीकडे लाट हवी असेल तर उजवीकडचं पातं उघडतं, तिकडचं पाणी जरा उशिरा आत येतं आणि डावी लाट साफ होते. बटण दाबलं की झालं. मालिबू नावाच्या बोट कंपनीने हे २०१२ मध्ये आणलं आणि मग बाकीच्या कंपन्यांनीही आपापलं काही ना काही काढलं. आमच्या भावजींची बोट त्याच्या आधीची. पाती नाहीत. नवी घ्यायची तर लाख डॉलरच्या वरच जाते, तो विषय नको. जुन्या बोटीत एकच उपाय, ज्या बाजूला लाट हवी त्या बाजूला बोट मुद्दाम कलती करायची. त्यासाठी तळाच्या टाक्या आणि मागच्या कोपऱ्यातली मोठी रबरी पोती पंपाने तलावाच्याच पाण्याने भरायची, सगळं मिळून टनभराच्या वर वजन होतं, आणि तरी कमी पडलं तर माणसं.

म्हणजे आम्ही. भावजी स्टिअरिंगवरून मागे न बघताच ओरडतात, सगळे डावीकडे सरका, की मग डबे, टॉवेल, लहान पोर, सासूबाई, सगळं डावीकडच्या सीटवर. मी डावा पाय पुढे ठेवून उभी राहते, त्यामुळे मला डावी बाजू लागते, लाटेकडे तोंड येतं. ओम, म्हणजे पुतण्या, उजवा पाय पुढे ठेवतो, त्याची पाळी आली की अख्खं कुटुंब उठून उजवीकडे, पोती रिकामी करून दुसरीकडची भरायची, त्यात दहा मिनिटं जातात. म्हणून आधी सगळे डाव्या पायवाले उरकून घ्यायचे आणि मग ओम आणि जाऊबाई.

बाबा सुरुवातीला पुढच्या टोकाला जाऊन बसले होते, वारा छान लागतो म्हणून. मी पाण्यात होते, लाट लांब होती पण बुटकी, ढकलतच नव्हती, दोरी सोडली की मागे पडायचे. भावजींनी बाबांना अगदी संकोचून सांगितलं की काका, जरा मागे येऊन बसता का डाव्या कोपऱ्यात. बाबा आले, बसले, आणि मला पाण्यातून दिसलं की लाटेचा कडा उंच झाला. एका माणसाने. बाबांना भावजी समजावून सांगत होते की पुढे वजन असलं की लाट लांबते, मागे असलं की उंच होते, तर बाबा म्हणाले, अहो म्हणजे उलार आणि धुरजड. त्यांचं लहानपण बैलगाडीत गेलंय, मागे माल जास्त झाला की गाडी उलार, पुढे झाला की धुरजड, बैलाच्या मानेवर येते. त्यानंतर बाबांनी ते खातंच स्वतःकडे घेतलं. कुणाची पाळी आली की तिचं वजन, उंची बघून ते सांगायचे, तू पुढे जा, तू इथे ये, आणि भावजी मनापासून ऐकायचे. आमच्या पोरीच्या, सईच्या वेळी, ती हलकी ना, तिला फार उंच लाट नको, त्यांनी सासूबाईंना विनंती करून पुढे बसवलं आणि लाट बरोब्बर तिच्या मापाची झाली.

सईचं उभं राहणं जरा नीट सांगते कारण शिकणाऱ्यांना उपयोग होईल. पाण्यात पाठीवर पडून राहायचं, लाइफ जॅकेट तरंगवतंच. बोर्ड आडवा, टाचा त्याच्या काठावर, गुडघे छातीशी, हात सरळ. पाय बोर्डला बांधलेले नसतात बरं का, वेकबोर्डला असतात, इथे नाही, पडलं की बोर्ड वेगळा आणि आपण वेगळे. बोट हळूच पुढे जाऊन दोरी ताठ करते, मग जरा जोर देते, त्या क्षणी टाचांनी बोर्ड दाबला की तो आपोआप उभा होऊन तळव्यांना येऊन चिकटतो. आता इथे सगळे जण घाई करतात, हाताने दोरी ओढून उठायला बघतात आणि तोंडावर आपटतात. काहीच करायचं नसतं. बोटीला उठवू द्यायचं. सई दर वेळी हात वाकवायची, आणि दर वेळी पाण्यात. मग जाऊबाईंनी तिला सांगितलं, तू खुर्चीत बसल्यासारखी बसून राहा, मी म्हणेपर्यंत उठूच नकोस. ती बसून राहिली, बोट निघाली, जाऊबाई काही बोलल्याच नाहीत आणि पोरगी पाण्यावर उभी! ओठ घट्ट मिटलेले, नजर आजोबांवर. मग पुढच्या पायावर वजन दिलं की पुढे जायचं, मागच्या पायावर दिलं की ब्रेक, एवढंच तिला ओरडून सांगत होतो सगळे, आणि दोरीत झोळ पडला. हाताला ओढच नाही. तिने दोरी टाकली नाही, हातात धरूनच ठेवली, पण लाट तिला नेत होती हे तिला कळलं होतं, तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. हा खेळ फक्त आणि फक्त इनबोर्ड बोटीच्या मागे करायचा, म्हणजे जिचा पंखा बोटीच्या तळाखाली, मागच्या काठाच्या बराच आत असतो. मागे इंजिन लटकवलेल्या साध्या बोटी असतात ना, त्यांचा पंखा नेमका तिथे असतो जिथे वेकसर्फर पडतो. वेग कमी आहे, आपली घरचीच माणसं आहेत, चालतंय की, असं म्हणून कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. पंखा पुढच्या बाजूला तोंड केलेल्या नव्या ड्राइव्हच्या बोटी निघाल्यात, त्या चालतात, पण त्या त्यासाठीच बनवलेल्या असतात.

दुसरं, धूर. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, पाय सोडूनसुद्धा नाही, तिला धरून पाण्यात लोंबकळायचं तर अजिबातच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि बोट सावकाश जाताना तो मागेच साचतो. युटा-अ‍ॅरिझोनातल्या लेक पॉवेलवर २००० साली दोन लहान भाऊ हाऊसबोटीच्या मागच्या फळीखाली साचलेल्या या वायूने गेले, उघड्या हवेत, तलावावर. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर ते उन्हामुळे किंवा बोट लागली म्हणून असं धरून बसू नका, आधी इंजिन बंद. आमच्याकडे पोरांना हा नियम इतका पाठ आहे की पाळीची वाट बघणारा आतच बसतो आणि भावजींनी इंजिन बंद केलं असं तोंडाने सांगितल्याशिवाय मागचं दार उघडत नाही.

बाकी गोष्टी पटापट. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच. टेक्सासात १३ वर्षांखालच्या मुलांना २६ फुटांपेक्षा लहान चालत्या बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, मोठ्यांना नुसतं बोटीत असलं तरी चालतं, पण आमच्याकडे सगळेच घालतात. बाबांना हे पटायला वेळ लागला. सांगलीच्या आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या मारलेला माणूस, त्याला जॅकेट म्हणजे अपमानच, पण सई जॅकेट घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली आजोबा तुम्ही नाही घातलं तर मीपण नाही, मग घातलं. पाण्यात उतरण्याआधी त्यांनी विचारलं, मगरी नाहीत ना? सांगलीकडच्या कृष्णेत आता आहेत, भिलवडी-औदुंबरकडे तर लोक नदीत उतरताना विचार करतात, त्यामुळे प्रश्न खरा होता. नाहीत म्हटल्यावर एका खाडीसारख्या आत गेलेल्या जागेत इंजिन बंद करून ते मनसोक्त पोहले, शेवटी तर उताणे पडून नुसते तरंगत होते.

बाबा सर्फिंगला उभे राहिले नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पण मागे बघत बसणारा माणूस ते झाले. चालवणाऱ्याने पुढे बघायचं असतं, त्यामुळे पाण्यातल्यावर नजर ठेवायला वेगळा माणूस लागतो. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, डोक्यावर थाप म्हणजे आता परत चला. कुणी पडलं की बाबांची खणखणीत हाक, पडली! की भावजी लगेच वेग कमी करून, मोठी लाट न उठवता हळू वळून माघारी. बाबांनी सकाळभर नजर हटवली नाही, चहासुद्धा तिकडे बघतच प्यायले.

तलावाविषयी थोडं. लेक ट्रॅव्हिस हे कोलोरॅडो नदीवरच्या मॅन्सफील्ड धरणाचं पाणी आहे, ही टेक्सासची कोलोरॅडो, ग्रँड कॅन्यनवाली वेगळी. समुद्रसपाटीपासून ६८१ फुटांवर पाणी असलं की धरण भरलं म्हणतात, आणि दुष्काळात ते पन्नासेक फूट खाली जाताना या भागातल्या लोकांनी बघितलंय, तेव्हा बोट उतरवायचे रॅम्प कोरडे पडून बंद होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात धरणातली जुनी देवळं वर येतात तसंच इथे जुनी झाडं आणि खडक पृष्ठभागाजवळ येतात, म्हणून निघण्याआधी पातळी बघणं आलंच.

आणि खोल पाणी फक्त आपल्यासाठी लागतं असं नाही. एवढी जड बोट मुद्दाम मागे दाबून चालवली की लाट काठापर्यंत जाते, माती खाते, पंख्याचा झोत तळ ढवळतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी २०२२ मध्ये मोजून सांगितलं की काठापासून निदान ५०० फूट लांब राहा, व्हरमाँट राज्याने तर २०२४ पासून ५०० फूट अंतर आणि २० फूट खोली असा नियमच केला. बोटवाले लोक यावर चिडतात, पण मला हे नियम योग्य वाटतात. काठावर कुणाचा तरी बोट बांधायचा धक्का असतो, छोट्या होडीत कुणी मासे धरत बसलेलं असतं, त्याचीही ती शनिवारची सकाळच असते. ट्रॅव्हिस मोठा आहे, मधोमध जाऊन खेळायला भरपूर जागा आहे, काठाशी जायची गरजच नाही.

परत येताना एक काम उरतंच. २०१७ पासून या तलावात झेब्रा मसल आहेत, बोटाच्या पेरापेक्षा लहान, पट्टेवाले शिंपले, पाइपात बसले की पाइप बंद करतात, आणि त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. वेकसर्फच्या बोटीत टाक्या आणि पोती भरून तलावाचं पाणी असतं, तेच दुसऱ्या तलावात नेऊन ओतलं तर तिथेही झाले. म्हणून रॅम्पवर सगळं पाणी काढायचं, टेक्सासात तो कायदाच आहे, आणि मग पुसायचं, वाळवायचं. त्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, पोरांना काठावर अनवाणी सोडू नका, पाण्यात चालणारे बूट घाला.

ज्यांना इकडे येऊन करून बघायचंय त्यांनी बोट भाड्याने घेताना कॅप्टनसकट घ्या, इनबोर्ड आहे का ते फोनवरच विचारून घ्या, लहान मापाची जॅकेट आहेत का तेही विचारा, आणि वेळ सकाळी सात-आठची मागा, तेव्हा पाणी काचेसारखं असतं. शनिवारी दुपारचा स्लॉट मिळत असेल तर नको म्हणा, सगळ्या तलावभर बोटी फिरून पाणी इतकं खवळलेलं असतं की शिकणाऱ्याला उभंच राहता येत नाही.