मानेतल्या चार ग्रंथी आणि पेलाभर दूध

कोल्हापुरात गंगावेशच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून देतात. ते फेसाळ दूध पिऊनच मी मोठा झालो. डायलिसिस सुरू झालं तेव्हा पाणी, मीठ, केळी, शहाळं ही पथ्यं पाठ केली, दुधाचं मात्र मनावर घेतलं नाही. आई म्हणायची, "अंगात रक्त नाही बघ तुझ्या, दूध तरी घे." सकाळी एक पेला, संध्याकाळी एक.

चौथ्या वर्षी खाज सुरू झाली. रात्रभर पाठीवर कंगवा घासत बसायचो. मग टाचा आणि नडग्या ठणकायला लागल्या. रिपोर्टमध्ये फॉस्फरस ७.८ आला, साडेचारच्या आसपास हवा होता. आणि पीटीएच, म्हणजे हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढणारं संप्रेरक, १,४८०! निरोगी माणसाचं ६५च्या आत असतं, डायलिसिसवाल्यांचं त्याच्या नऊपटीपर्यंत चालवून घेतात. माझं कितीतरी पुढे गेलं होतं.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा संवेदक असतो. रक्तात कॅल्शियम पुरेसं असलं की तो पीटीएच रोखतो. किडनी गेली की फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचंच रक्तातलं रूप, साठतं आणि या संवेदकालाच मंद करतं, वर व्हिटॅमिन डीही कमी पडतं. मग ग्रंथी पीटीएच सोडत राहते, पेशीही वाढवत राहते. आधी ती सगळीकडून सारखी वाढते, नंतर आत गाठी धरतात. त्या गाठींत संवेदक इतके थोडे उरतात की त्या औषधाला दाद देत नाहीत.

घरी येऊन मी वाचत बसलो. अमेरिकेत सेंट लुईसला एडुआर्डो स्लॅटोपोल्स्की यांच्या गटाने किडनी निकामी केलेल्या उंदरांवर प्रयोग केले होते, त्यातला एक १९९६चा. कमी फॉस्फेटचं खाणं दिलेल्या उंदरांच्या ग्रंथी वाढल्या नाहीत, जास्त दिलेल्यांच्या वाढल्या. पुढच्या प्रयोगात वाढलेल्या ग्रंथींच्या उंदरांचं फॉस्फेट कमी केलं, तेव्हा पीटीएच उतरलं, ग्रंथीचा आकार मात्र तसाच राहिला. हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो. माझी सावध होण्याची वेळ पहिल्या वर्षातच येऊन गेली होती.

हिशेब साधा होता आणि तो मला कुणी मांडून दाखवला नव्हता. एका डायलिसिसमध्ये फार तर ग्रॅमभर फॉस्फरस निघतो, आठवड्याला तीन वेळा. पोटात रोज जवळपास तेवढाच जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त रक्तात उतरतो. दुधाच्या दोन पेल्यांतूनच अर्धा ग्रॅम. आणि फॉस्फेट बांधणारी सेवेलामरची गोळी मी झोपताना, रिकाम्या पोटी घेत होतो! ती घासाबरोबर पोटात गेली तरच अन्नातलं फॉस्फेट धरते. चार वर्षांत हे एकदाही माझ्या कानावर आलं नव्हतं, याचा राग अजून जात नाही.

त्या संवेदकाला जागं करणाऱ्या सिनाकॅल्सेटच्या गोळीने नुसती मळमळ झाली. सोनोग्राफीत सगळ्यात मोठी ग्रंथी १७ मिलिमीटरची निघाली, आत गाठ. शेवटी ऑपरेशन. चारही ग्रंथी काढल्या आणि गाठ नसलेल्या भागाचे बारीक तुकडे उजव्या हाताच्या स्नायूत बसवले, कारण डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी. दुसऱ्या दिवशी ओठ बधिर, बोटांना मुंग्या. वर्षानुवर्षं झिजलेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत होती. आठ दिवस सलाइनमधून कॅल्शियम चालू होतं. खाज मात्र तिसऱ्याच रात्री थांबली, त्या रात्री मी सलग सहा तास झोपलो.

हाडांनी फॉस्फरसही ओढल्याने सेवेलामर काही दिवस बंद होती, आता परत सुरू आहे. दूध फक्त चहापुरतं. आई ताट वाढते तेव्हा डावीकडे, मिठाच्या जागी, आधी गोळी ठेवते आणि मग भात वाढते.