जूनचा पहिला रविवार

आमच्या चित्रपटप्रेमी मंडळाचा वार्षिक मेळावा जूनच्या पहिल्या रविवारी भरतो. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आली, म्हणून संस्थापक सभासदांनी हा दिवस ठरवला. बरीच वर्षे आम्ही छोट्या सभागृहांत जमत असू. ज्या वर्षाविषयी मी लिहीत आहे, त्या वर्षी मात्र अप्पा बळवंत चौकातील किबे लक्ष्मी थिएटरमध्ये सकाळचा खेळ ठरला होता. हे चित्रपटगृह १९३४ चे. आम्हा पेठेतल्या लोकांच्या तोंडी ते आजही ‘प्रभात’च आहे, कारण २०१४ च्या अखेरीपर्यंत तेच नाव त्यावर होते आणि ते उतरले त्या दिवशी आमच्यापैकी काही जण रस्त्याच्या पलीकडे उगाचच बराच वेळ उभे राहिले होते.

दीपप्रज्वलन, अहवालवाचन आणि जमाखर्चाची मंजुरी ही कामे नेहमीप्रमाणे आटोपली. त्यानंतर ‘संत तुकाराम’ दाखवण्यात आला. दामले-फत्तेलालांचा हा १९३६ चा चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, हे आमच्या सभासदांना पाठ आहे. तरीही विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले की दरवर्षी सभागृहात तीच शांतता पसरते, आणि ‘आधी बीज एकले’ सुरू झाल्यावर शेजारच्या नव्या सभासदाला, हा अभंग तुकोबांचा नसून शांताराम आठवल्यांचा आहे, असे हळूच सांगण्याचा मान मी कधी सोडत नाही.

पाहुण्यांचे नाव पत्रिकेत छापायचे नाही, असा आमचा जुना नियम आहे. लोकांनी चित्रपटासाठी यावे, हा त्यामागचा हेतू. त्याच नियमाला धरून मी येथेही त्या ज्येष्ठ अभिनेत्रींचे नाव लिहीत नाही. कृष्णधवल चित्रपटांच्या काळात ज्यांनी काम केले आणि ज्यांच्यासाठी आमच्या आईच्या पिढीने भर उन्हात तिकिटांच्या रांगा लावल्या, त्यांपैकी त्या एक, एवढे पुरे. दीडशेच्या वर सभासद असलेल्या मंडळातून त्या सकाळी साठ-पासष्टच माणसे आली होती. “आधी कळवले असते तर आलो असतो,” असे फोन मला पुढे आठवडाभर येत राहिले. त्या फोनांचे मला वाईट वाटले आणि अजूनही वाटते, कारण मेळाव्याची तारीख सर्वांना वर्षभर आधी ठाऊक असते.

मंडळाच्या व्यासपीठावर मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. पुरस्कारांची आणि परदेश दौऱ्यांची भाषणे मी आदराने ऐकतो, परंतु एखादा मोठा कलावंत आपल्याबरोबर काम केलेल्या, श्रेयनामावलीत कधीही न आलेल्या माणसाची आठवण काढू लागला की माझा कंठ दाटून येतो. बाईंनी त्या दिवशी तसेच केले. स्टुडिओतल्या दिव्यांच्या उष्णतेने डोळ्यांची आग होत असे, तेव्हा वर फळ्यांवर बसलेला एक लाइटमन दोरीला ओला पंचा बांधून खाली सोडत असे. बाई तो डोळ्यांवर धरत, आणि शॉटची तयारी झाली की तो पंचा निमूटपणे वर ओढून घेतला जाई. “मी त्यांना ‘वरचे दादा’ म्हणायचे,” बाई म्हणाल्या. “नाव विचारायचं कधी सुचलंच नाही, त्याची मला आजही लाज वाटते.”

मग त्यांनी विचारले, की सभागृहात कोणी ऑपरेटर, म्हणजे चित्रपटगृहातले प्रक्षेपणयंत्र चालवणारे, आहेत का. शेवटच्या रांगेतून आमचे एक वयोवृद्ध सभासद उभे राहिले. पुण्यातल्या पेठांमधील चित्रपटगृहांत त्यांनी अडतीस वर्षे केबिनमध्ये काढली होती. बाई स्वतः पायऱ्या उतरून त्यांच्यापर्यंत गेल्या. त्या सभासदांनी खिशातून तांब्याचा मुलामा असलेली, जळून बोटभर उरलेली कार्बनची कांडी काढून दाखवली; जुन्या प्रक्षेपणयंत्रांत अशा कांड्या जाळूनच पडद्यावरचा प्रकाश मिळत असे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती गोल ठिपका आला की दुसरे मशीन सुरू करायचे, आणि तेवढ्यासाठी प्रत्येक रिळाच्या अखेरीस पापणीही लवू द्यायची नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. नंतर ते संकोचत म्हणाले, “बाई, तुमचा चित्रपट मी त्या खिडकीतून शेकडो वेळा पाहिला. पण मशीनच्या घरघरीत शेवटचं बोलणं कधी नीट ऐकू आलं नाही.”

बाईंनी कांडी त्यांच्या हातात परत दिली, पदर सावरला आणि ध्वनिक्षेपकाशिवाय, तिथेच दोन रांगांच्या मधल्या वाटेत उभ्या राहून, त्या चित्रपटातले अखेरचे संवाद त्यांच्याकडे पाहत म्हटले. आवाज थकलेला होता, पण एकही शब्द अडला नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि मला सर्व स्पष्ट ऐकू आले. ऑपरेटरकाका हात जोडून ऐकत होते. टाळ्या वाजवण्याचे कोणालाही सुचले नाही.

त्या दिवसाच्या मदतनिसांचे आभार मानताना कोणी राहू नये, अशी माझी फार इच्छा आहे. सकाळी सहाला येऊन दारात रांगोळी काढणाऱ्या चिटणीसांच्या सूनबाई. ऐन वेळी खुर्चीसाठी घरचा लोड आणून देणारे खजिनदार. मंडईतून सोनचाफा आणणारे आमचे सर्वांत तरुण सभासद. बाईंचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवणाऱ्या दोघी कॉलेजकन्यका. चहाच्या किटल्या शेवटपर्यंत गरम ठेवणारे उपाहारगृहाचे काका. चित्रपटगृहाचे डोअरकीपर आणि सफाई करणाऱ्या मावशी. कार्यक्रम संपता संपता वळवाची मोठी सर आली, तेव्हा चौकातले एक रिक्षावाले भाऊ स्वतःची छत्री घेऊन बाईंना गाडीपर्यंत पोहोचवून आले आणि छत्रीचे वा वेळेचे काहीही न घेता निघून गेले. त्या वर्षीचा अहवाल मीच लिहिला होता. त्यात त्यांचा उल्लेख राहून गेला, तो आज येथे करीत आहे.