एक्स्टर्नल परत येत नाहीत: सबमिशनच्या आठवड्यात मुदत मागताना

अण्णांना स्ट्रोक आला तेव्हा मी पुण्यात टीई कॉम्प्युटरला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. पाचवं सेमिस्टर, नोव्हेंबर, सबमिशनचा आठवडा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. बाकीच्यांसाठी: या आठवड्यात सेमिस्टरभराचे राइट-अप, प्रिंटआउट आणि सह्या गोळा करत मुलं लॅबपासून स्टाफरूमपर्यंत धावत असतात. सही नाही तर टर्मवर्कचे, म्हणजे सेमिस्टरभराच्या कामाचे मार्क नाहीत. त्यानंतर प्रॅक्टिकल-ओरल, मग थिअरीचे पेपर.

अण्णा आंबाजोगाईला होते. सकाळी उठले तेच तोंड वाकडं आणि डावा हात गळालेला. काकांनी लातूरला हलवलं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. इथे झोपेत नेमकं कधी झालं हेच कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी ते दिलं नाही. आईला दवाखान्याचे कागद समजत नाहीत, धाकटा भाऊ दहावीला. मी वाकडेवाडीहून मिळेल ती रात्रीची गाडी पकडली.

गाडीतच डीबीएमएस (डेटाबेस) लॅबच्या सरांना मेसेज लिहायला घेतला आणि तो लांबतच गेला. अण्णा कसे आहेत, घरी कोण आहे, मी किती अभ्यास केला होता. वर्षभर पुढे असलेल्या एका ताईला आधी दाखवला. तिच्या घरीही पूर्वी असंच काही झालं होतं. ती म्हणाली, "अगं, हे वाचून सर हळहळतील, पण करायचं काय ते त्यांना कळणार नाही. तुला काय हवंय ते लिही." मग उरलं ते साधारण असं:

"सर, वडिलांना स्ट्रोक आला आहे, लातूरला आयसीयूत आहेत. मी तिकडे निघाले आहे. डीबीएमएस लॅबच्या शेवटच्या तीन असाइनमेंट बाकी आहेत, त्या पुढच्या सोमवारपर्यंत देऊ शकेन का? ओरलसाठी माझी बॅच बदलता येईल का? ॲडमिशनचा कागद सकाळी पाठवते. तुम्हाला वेळ असेल तेव्हा फोन करते."

सकाळी सरांचाच फोन आला.

"वडील शुद्धीवर आहेत का?"

"हो सर. बोलणं नीट कळत नाही, पण ओळखतात."

"बरं. आता ऐक. थिअरीचं मी काहीच करू शकत नाही, ते विद्यापीठाचं आहे. सबमिशन माझं आहे, सोमवारी दे. ओरलला एक्स्टर्नल दोन दिवस आहेत, तुझी बॅच पहिल्या दिवशी आहे. मी तुला दुसऱ्या दिवशी शेवटच्या बॅचला घेतो. पण त्या दिवशी यायलाच लागेल. ते गेले की एका मुलीसाठी परत बोलावता येत नाहीत. आणि मेलही टाक. मॅडमना दाखवायला माझ्याकडे कागद हवा."

मॅडम म्हणजे एचओडी, विभागप्रमुख. या फोनमध्ये मला जेवढं समजलं तेवढं तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही मुलं 'परीक्षा पुढे ढकलून मिळेल का' असं एका दमात विचारतो, पण ती एक गोष्ट नसते. असाइनमेंटची तारीख शिकवणाऱ्याच्या हातात. प्रॅक्टिकल-ओरलला दुसऱ्या कॉलेजातले परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, नेमलेले असतात, आणि मार्क ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन भरायचे असतात; त्यामुळे आतल्या सरांना फार तर त्याच दिवसांत इकडचं तिकडे करता येतं. थिअरीचं वेळापत्रक सगळ्या संलग्न कॉलेजांना एकच. तिथे कुणाचाही स्ट्रोक चालत नाही.

पुराव्याचं मात्र त्रांगडं झालं. ॲडमिशनच्या कागदावर नाव पेशंटचं असतं, सोबत बसलेल्या मुलीचं कुठेच नसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्रांनी रेशनकार्ड मागितलं म्हणून काकांनी ते घरून आणलं होतं. त्यावर अण्णांचंही नाव, माझंही. त्याच पानाचा फोटो काढून मी कॉलेजला पाठवला. शिवाय राउंडवर आलेल्या निवासी डॉक्टरांना विनंती केली, तेव्हा त्यांनी लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या: पेशंटसोबत नातेवाईकाने थांबणं आवश्यक आहे. त्यांना मिनिटभरही लागलं नसेल. मला विचारायचा धीर गोळा करायला अख्खी सकाळ लागली.

सगळे असे भेटले नाहीत. सबमिशनसाठी पुण्यात आले आणि दुसऱ्या लॅबच्या शिक्षकांकडे सह्यांसाठी गेले, तेव्हा भरल्या स्टाफरूममध्ये ते म्हणाले, "सबमिशन आलं की सगळ्यांच्याच घरी कुणीतरी आजारी पडतं." मी कागद टेबलावर ठेवले. त्यांनी पाहिले, सह्या केल्या, पुढे काही बोलले नाहीत. त्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता हेही खरं. आमच्याच वर्गातल्या एकाची आजी दोन सेमिस्टरना वारली होती. कागद मागायला माझी हरकत नाही, मागायलाच हवेत. पण ते आधी मागावेत आणि टोमणा नंतरही मारू नये, एवढं तरी शिक्षकांना जमायला हवं.

ओरलच्या आदल्या रात्री पुन्हा लातूरहून निघाले. माझा नंबर शेवटचा लागला. एक्स्टर्नल थकलेले दिसत होते. त्यांनी डेटाबेसमधलं नॉर्मलायझेशन विचारलं; मी थर्ड नॉर्मल फॉर्मपर्यंत नीट सांगितलं, पुढच्या बीसीएनएफला अडखळले. सरांनी मध्ये तोंड उघडलं नाही आणि माझ्या घरचं काही सांगितलंही नाही. ते मला बरं वाटलं.

थिअरीत मात्र एक पेपर सोडावा लागला. अण्णांना गिळायला त्रास होत होता. पातळ अन्न श्वासनलिकेत जाऊन छातीत संसर्ग झाला आणि त्यांना परत आयसीयूत घेतलं. टीओसीचा पेपर दुसऱ्याच दिवशी होता. कॉलेजच्या परीक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "बाळा, हा पेपर पुन्हा कुणीच घेऊ शकत नाही. नाही दिलास तर बॅकलॉग, पुढच्या परीक्षेला फॉर्म भर." मी विचार केला तो कोरडाच होता. पाचव्या सेमिस्टरचा विषय सहाव्याबरोबर, मे-जूनमध्ये देता येईल, आणि प्लेसमेंट त्यानंतर सुरू होतात. हेच सातव्यात झालं असतं तर गणित वेगळं होतं. आईला काही न सांगता पेपर सोडला. काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "टीओसी म्हणजे काय असतं?" मी म्हणाले, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. "मग जाऊ दे," काका म्हणाले.

टीओसी उन्हाळ्यात निघाला. अण्णा आता काठी घेऊन चालतात, डाव्या हाताची फिजिओथेरपी चालू आहे, आणि शर्टाची बटणं आईच लावते यावरून रोज सकाळी दोघांची कुरबुर असते.

प्लेसमेंटच्या फॉर्मवर दोन रकाने असतात. सध्या किती बॅकलॉग आहेत, आणि पूर्वी कधी होते का. पहिल्यात शून्य लिहिलं, दुसऱ्यात एक. काही कंपन्यांनी तेवढ्यावरून फॉर्म बाजूला ठेवला. एका मुलाखतीत कारण विचारलं. मी म्हटलं, वडील आयसीयूत होते म्हणून पेपर दिला नाही. समोरच्या बाईंनी मान हलवली आणि लेफ्ट जॉइन व इनर जॉइनमधला फरक विचारला.