ऑर्कनी : दगडी मांडणी आणि दीपस्तंभावरचा गोळा

ऑर्कनी बेटांवरच्या स्कारा ब्रे या प्राचीन वस्तीच्या घरांत उतरू देत नाहीत, वरच्या वाटेवरून वाकून बघायचं. बायकोने सगळ्यात आधी ओळखली ती मांडणी. दारासमोरच, दगडी फळ्यांची, दोन थरांची. मधे चूल, दोन्ही अंगांना पलंगांच्या दगडी चौकटी. इसवी सनापूर्वी ३१००च्या सुमाराची ही वस्ती. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या या बेटांवर झाडं जवळजवळ नाहीतच, म्हणून सुतारकामही दगडातच झालं, आणि म्हणूनच ते उरलं. १८५०च्या वादळात वाळू उडाली तेव्हा ही घरं उघडी पडली. उन्हाळ्यात जाणार असाल तर तिकीट आधीच काढा, आणि जूनमध्येही वारा अडवणारं जाकीट हवंच.

ऑर्कनीचं मुख्य गाव किर्कवॉल, तिथून बोटीने दीड तासाच्या आत सॅन्डे बेट. बंदरापासून स्टार्ट पॉइंट हे दीपस्तंभाचं टोक बराच लांब, गाडी किंवा सायकल ठरवूनच जा. हे बेट इतकं सखल की जहाजांना ते दिसायचंच नाही. फुटलेल्या जहाजांचं लाकूड इथले शेतकरी कुंपणाला वापरत. दीपस्तंभ बांधणारा अभियंता रॉबर्ट स्टीव्हन्सन याने १८०२ मध्ये स्टार्ट पॉइंटला आधी नुसता मनोरा बांधला, वर दगडी गोळा. रात्री त्याचा काय उपयोग? मग १८०६ मध्ये तिथेच स्कॉटलंडमधला पहिला फिरता दिवा लागला.

काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या आजच्या दीपस्तंभाकडे फक्त ओहोटीला चालत जाता येतं. पाणी उतरत असतानाच निघा. शेवाळलेल्या फरशांवर पकड असलेले बूटच हवेत. पलीकडे एक प्राचीन थडग्याचं टेकाड आहे. तिथे आम्ही रेंगाळलो आणि परतताना पाणी घोट्यांवर आलं. बायकोचा हात धरून ते पन्नासेक पावलांचं अंतर पार केलं तेव्हा खरोखर भीती वाटली. परतायची वेळ आधीच ठरवा आणि ती पाळा.

नॉर्थ रोनाल्डसे या बेटावर आठ आसनांच्या विमानाने गेलो. सामान मोजकंच न्या. धुक्यात उड्डाण रद्द होतं, म्हणून एक दिवस जास्तीचा ठेवा. इथला १७८९चा दीपस्तंभ १८०९ मध्ये विझवला आणि स्टार्ट पॉइंटचा तो दगडी गोळा आणून याच्या डोक्यावर बसवला. तो जिथून उतरवला ती जागा आम्ही आदल्या दिवशी पाहिली होती. आज तो समोर, आकाशात. शेजारीच १८५४चा, ४२ मीटर उंचीचा विटांचा दीपस्तंभ. मी मात्र जुन्यापाशीच बसून राहिलो.

किनाऱ्यावर शेवाळ खाणाऱ्या मेंढ्या दिसतील. त्यांना किनाऱ्यावरच ठेवायला बेटाभोवती दगडी भिंत आहे. तिचं फाटक ओलांडलंत की लावून घ्या.