जुनी कॅम्पर घेताना आधी इंजिन

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडपुढे २००३ सालची टेंपो ट्रॅव्हलर उभी होती. आमच्या मेस्त्रींनी तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि मालकाशी काही न बोलता ते मला म्हणाले, "सर, इंजिन गरम हाय. च्या घिऊन येऊ, मग बघू." मालकाचा चेहरा उतरला. आम्ही मिरजेतले एक काम उरकून चार तासांनी परत आलो, तेव्हा सेल्फ तीनदा वाया गेला, चौथ्या वेळी इंजिन लागले आणि पांढऱ्या धुरात शेडचे दार दिसेनासे झाले. हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन तापवणारे प्लग, गेले असले तरी असा धूर येतो, आणि ते काम स्वस्तातले असते. परंतु मेस्त्रींनी चालू इंजिनावर ऑइल भरायचे झाकण काढून नुसते उलटे ठेवले, तर ते जागच्या जागी नाचून खाली पडले. गॅरेजच्या भाषेत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजले की सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि ऑइलच्या वाटेने बाहेर पडतो. त्या गाडीला पूर्ण इंजिन काम लागणार होते, आणि मालक मागत होता ती किंमत ठणठणीत इंजिनाची होती.

मी साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवत होतो. निवृत्तीनंतर आम्हा दोघांना निजता येईल, चहा करता येईल आणि कोकणात किंवा कर्नाटकात आठ-दहा दिवस काढता येतील अशी जुनी व्हॅन, म्हणजे कॅम्पर, घ्यावी, असे ठरले. पहिले दोन महिने आम्ही चुकीच्या टोकाकडून शोध घेतला. आधीच कप्पे, पलंग, सिंक बसवलेल्या गाड्या आम्ही पाहत राहिलो, आणि सौभाग्यवतींना पडदे आवडले की माझेही मत अनुकूल होत असे. प्लायवूडचे काम आपला सुतार पंधरा दिवसांत करून देतो. इंजिन मात्र एकदा घेतले की बदलणे खर्चाचे असते आणि कागदोपत्री त्याहून कटकटीचे. ही साधी गोष्ट कुपवाडच्या त्या दुपारनंतर आम्हाला उमगली.

आपल्या भागात या कामासाठी जुन्या डिझेल गाड्या मिळतात त्या मुख्यतः तीन: ट्रॅव्हलर, टाटाची विंगर, आणि ज्याला मोठी गाडी हवी त्याला टाटाच्याच ४०७ या छोट्या ट्रकवर बांधलेली बॉडी. ट्रॅव्हलर मुळात मर्सिडीजच्या टी १ या व्हॅनवरून आली. बजाज टेंपोने ती १९८७ मध्ये भारतात आणली. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स झाली. तिच्यातले जुने इंजिन ओएम ६१६, म्हणजे २३९९ सीसीचे, टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले, प्री-चेंबरचे (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारे) आणि टायमिंग चेनवर चालणारे. जर्मनीतल्या टॅक्सींनी याच इंजिनावर लाखो किलोमीटर काढले. त्याच घराण्यातले पुढचे इंजिन २५९६ सीसीचे आणि टर्बो लावलेले. टाटाच्या इंजिनांचे नावच त्यांचे माप सांगते, हे मला मेस्त्रींनी शिकवले आणि मी घरी आकडेमोड करून पडताळले. विंगरमधले ४८३ म्हणजे चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ९० धरला की बरोबर १९४८ सीसी येतात. ४०७ मधले ४९७ तसेच, ९७ चा बोअर आणि १०० चा स्ट्रोक मिळून २९५६ सीसी. इतकी वर्षे वर्गात वृत्तचितीचे घनफळ शिकवले, पण असे उदाहरण कधी सुचले नव्हते.

साताऱ्यात राहणाऱ्याला इंजिन निवडताना घाट विसरता येत नाही. उत्तरेला खंबाटकी, कासला जायचे तर यवतेश्वर, कोकणात उतरायचे तर कुंभार्ली किंवा आंबेनळी. वाईहून पसरणीचा घाट चढताना गाडी बारा-तेरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून अधिक उंची गाठते. महाबळेश्वरला, म्हणजे साडेतेराशे मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे बारा टक्के विरळ असते. टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा स्वतः ओढू शकते तेवढ्यावरच जगते. पंप मात्र डिझेल पूर्वीइतकेच देत राहतो, त्यामुळे ताकद घटते आणि मागे काळा धूर सुटतो. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. त्याची किंमत अशी, की लांबचा चढ संपवून थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसेच चालू ठेवावे लागते, नाहीतर तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल करपते. जुना टर्बो घेताना हवेचा पाइप काढून आतला पंखा बोटाने हलवून पाहावा. किंचित हालचाल असणे ठीक, पण तो कडेला घासत असेल किंवा पाइपमध्ये ऑइल साचले असेल, तर त्या दुरुस्तीची रक्कम किमतीतून वजा करावी.

वजनाविषयी मात्र माझी भीती अनाठायी ठरली. कॅम्परमध्ये ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, मोठी लेड-ॲसिड बॅटरी सुमारे ५० किलो, वर लाकूडकाम, फ्रीज आणि गॅस. हे सारे पाचशे किलोंच्या आसपास जाते. पण तेरा आसनी ट्रॅव्हलर रोज तेरा माणसे वाहत होती, म्हणजे आठशे किलोंच्या पुढे, आणि त्या आसनांचे वजन वेगळेच. दोन माणसांच्या कॅम्परसाठी म्हणून अवाढव्य इंजिन शोधण्याची गरज नाही. फरक एवढाच, की प्रवासी उतरतात आणि आपले फर्निचर उतरत नाही. विंगर आम्ही याच मुद्द्यावर सोडली. ती पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे खाली शाफ्ट नसून फरशी सखल मिळते, आणि गुडघे दुखणाऱ्यांना तो मोठाच फायदा. पण मागे टाकी व बॅटरी ठेवून पावसाळ्यात ओल्या चढावर निघालो की भार मागच्या चाकांवर जातो आणि पुढची चाके फिरू लागतात. टाकी-बॅटरी मागे ठेवावी लागू नये अशी मांडणी ज्याला जमेल, त्याने विंगर खुशाल घ्यावी. तिच्यातले ४८३ जातीचे इंजिन जुन्या सुमोतही होते, तेव्हा सुट्या भागांची चिंता नाही.

मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा गाडीने आधी कोणती नोकरी केली, हे मी आता आधी विचारतो. शाळेची बस दिवसातून चार वेळा गार इंजिनाने निघते, पाच-सहा किलोमीटर धावते आणि पुन्हा गार होते. ऑइल नीट तापायच्या आत प्रवास संपलेला असतो, म्हणून कमी किलोमीटरमध्येही बोअर झिजतो. कुपवाडची गाडी शाळेचीच होती. रुग्णवाहिका धावते कमी, पण एसी चालू ठेवण्यासाठी तासन् तास जागेवर इंजिन चालवत उभी राहते. ते तास मीटरवर दिसत नाहीत आणि डिझेल फवारणारे नोझल आणि ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात नेणारी झडप) कार्बनने भरून जातात. याउलट यात्रेकरूंची गाडी चार लाख किलोमीटर पळालेली असली तरी ती हायवेवर, तापल्या इंजिनाने पळालेली असते. आकड्याला घाबरून अशा दोन चांगल्या गाड्या आम्ही सोडल्या, त्यांची हळहळ अजून वाटते.

राहिला सर्वांत मोठा प्रश्न, मेकॅनिकल पंप की कॉमन रेल, म्हणजे डिझेल साध्या यांत्रिक पंपाने सोडायचे की संगणकाच्या हुकमाने. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत फारशी निवड उरत नाही. जुन्यांत ती उरते. ओएम ६१६ चे नोझल साधारण १२० बार दाबाला उघडते. कॉमन रेलमध्ये दाब हजार-दीड हजार बारच्या घरात असतो आणि किती डिझेल केव्हा सोडायचे हे संगणक ठरवतो. कॉमन रेल शांत चालते, ॲव्हरेज चांगले देते, धूर कमी करते, हे निर्विवाद आहे. पण डिझेलमध्ये पाणी वा कचरा आला, तर कॉमन रेलचे इंजेक्टर ते सहन करत नाहीत, आणि एखादा सेन्सर गेला की तो कोणता, हे स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. आमच्या आजोळी, पलूस तालुक्यात, 'इंजिन' या शब्दाचा अर्थ कृष्णेचे पाणी उचलणारे डिझेल इंजिन असा होता. १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी तिथून जवळच, त्यामुळे पंप उघडणारी, नोझलची फवारणी नजरेने ओळखणारी माणसे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. कराडला, विट्याला, चिपळूणला पंप-नोझलवाला सापडतोच. पावसात कुंभार्लीच्या मध्यावर बंद पडलेल्या गाडीत आम्ही दोघे साठी उलटलेले असू, या विचाराने मी मेकॅनिकल पंपाच्या बाजूने झुकलो, आणि या निर्णयात धाडसाचा भाग मुळीच नव्हता.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. आरसीवरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये मधल्या काळात दुसरे इंजिन बसवलेले असते, आणि परवानगीशिवाय केलेला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो. आम्हाला एक गाडी अशीच सोडावी लागली. खासगी नोंदणी १५ वर्षांची असून पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते, तेव्हा २०१२ ची गाडी घेणाऱ्याने २०२७ चा खर्च आजच हिशेबात धरावा.

अखेर आम्ही २०१३ ची, टर्बो असलेली, २५९६ सीसीची आणि मेकॅनिकल पंपाची ट्रॅव्हलर घेतली. ती तीर्थयात्रांना जात असे. आदल्या रात्री मेस्त्री मालकाच्या दारात किल्ली मागून घेऊन निजायला गेले आणि पहाटे गार इंजिन पहिल्या सेल्फला लागलेले पाहूनच त्यांनी मला फोन केला. पंप आणि चारही नोझल तरीही काढून तपासले; त्याला २८,००० रुपये लागले, रेडिएटर साफ करायला थोडे निराळे. पहिल्यांदा पसरणी चढताना मी रस्त्याकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त पाहत होतो. दत्त मंदिराच्या वळणापुढे काटा अर्ध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच थांबला.

माझा विट्याचा चुलतभाऊ कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात आहे आणि आता तोही अशीच गाडी शोधतो आहे. त्याला मी माझे इंजिन सुचवले नाही. त्याचा सारा प्रवास चौपदरी रस्त्याने, शहरातून शहरात, वर्षातून चार-पाच वेळा हजारेक किलोमीटरचा. त्याला कॉमन रेलच सोयीचे पडेल आणि बिघाड झालाच तर स्कॅनर असलेले गॅरेज वाटेत हमखास भेटेल. गेल्या आठवड्यात त्याने २०१८ ची, फक्त साठ हजार किलोमीटर चाललेली एक गाडी पाहिली. पैसे देण्याआधी ती रुग्णवाहिका होती का, एवढे विचारून घे, असे मी त्याला कळवले आहे.