बीएल लॅसर्टीचे दोन रंग: धायरीच्या गच्चीवरील नोंद

पावसाळा सरल्यावर बीएल लॅसर्टी हा एकच ब्लेझार (आपल्या दिशेने झोत सोडणारा, दूरच्या दीर्घिकेचा तेजस्वी गाभा) हाती घेऊन त्याचे व्ही (हिरवट-पिवळा) आणि आर (तांबडा) या दोन फिल्टरांतून प्रकाशमापन करायचे, असे या हंगामासाठी ठरवले होते आणि ते काम आता मार्गी लागले आहे. सामग्री जुनीच आहे: 8 इंची न्यूटनियन दुर्बीण, मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि फिल्टरांचे चक्र. पुण्याहून पाहताना हे लक्ष्य याम्योत्तर वृत्तावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येते तेव्हा क्षितिजापासून सुमारे 66 अंश उंच असते. धायरीहून ते शहराच्या उजेडाच्या अंगाला पडते खरे. पण एवढ्या उंचीवर वातावरणाचा थर पातळ असल्याने मोजमापाला फारशी बाधा येत नाही.

1929 साली कुनो हॉफमाइस्टर यांनी सरठ तारकासमूहात हा स्रोत नोंदवला तो चलतारा म्हणून. 1968 मध्ये त्याची एका रेडिओ स्रोताशी सांगड घातली गेली आणि पुढे तो दूरच्या दीर्घिकेचा गाभा असल्याचे स्पष्ट झाले. तेथील महाकाय कृष्णविवरातून निघणारा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने रोखलेला असल्यामुळे त्याचे तेज वाढलेले आणि त्यातले बदल वेगवान झालेले दिसतात.

एकाच फिल्टरमधून प्रत (तेजाचे माप) मोजत राहण्यापेक्षा एकाच रात्री दोन फिल्टरांतून मोजणे अधिक मोलाचे आहे, असे माझे मत या हंगामात पक्के झाले. स्रोत उजळला हे एका आकड्यावरून कळते; उजळताना तो निळसर झाला का, हे कळले तर झोतातील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेबद्दल काही बोलता येते. मात्र रंगातील फरक बहुधा प्रतीच्या काही शतांशांचाच असतो आणि माझ्या एकेका मापातील अनिश्चितता चांगल्या रात्रीही 0.02 प्रतीच्या आसपास राहते. त्यामुळे छायाचित्रे व्ही, आर, आर, व्ही अशा क्रमाने घेतो. या क्रमात दोन्ही फिल्टरांची सरासरी वेळ एकच येते आणि मधल्या काही मिनिटांत स्रोत सावकाश उजळत किंवा मावळत असला, तरी तो बदल रंग म्हणून वहीत शिरत नाही.

तुलना ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांच्याशी ताडून स्रोताची प्रत काढायची त्या स्थिर ताऱ्यांच्या, निवडीत सर्वाधिक वेळ गेला. आकाशाच्या या भागातील अशा ताऱ्यांची बी, सी, एच आणि के ही अक्षरे अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. त्यांपैकी बी सर्वांत तेजस्वी असल्याने मोह होतो, पण तो बराच तांबडा आहे. फिल्टर प्रमाणित पट्ट्यांशी तंतोतंत जुळत नसतील, तर अशा ताऱ्याच्या आधाराने काढलेला रंग घसरतो. म्हणून मी सी आणि एच यांच्यावर भिस्त ठेवली आणि के केवळ पडताळणीसाठी वापरला. हे लक्ष्य दिवाळीच्या आगेमागे संध्याकाळीच माथ्याजवळ येते, म्हणजे नेमके फटाक्यांचा धूर दाटलेला असताना! तुलना तारे त्याच चौकटीत असल्याने धुराचा पडदा सारखा असेल तोवर तो वजा होतो. सी आणि एच यांच्यातील फरक मात्र एका छायाचित्रातून दुसऱ्यात हलू लागला, की मी त्या रात्रीपुरते काम थांबवतो.

आणखी एक पेच यजमान दीर्घिकेचा आहे. तिचा प्रकाश तांबूस आणि स्थिर असतो, तर झोताचा प्रकाश बदलता. झोत मंदावला की एकूण प्रकाशात दीर्घिकेचा वाटा वाढतो आणि स्रोत आपोआप तांबडा दिसतो. ‘उजळताना निळा’ हा निष्कर्ष या कारणानेही निघू शकतो. त्यासाठी मापनवर्तुळाची (छायाचित्रातील ज्या वर्तुळातला प्रकाश मोजतो त्याची) त्रिज्या मी 8 कोनीय सेकंदांवर कायम ठेवली आहे, कारण दृश्यमानतेनुसार (हवेच्या थरथरीनुसार) ती बदलली तर दीर्घिकेचा वाटाही बदलेल. तो वाटा वजा केल्याशिवाय रंगाचा आलेख कोणाला दाखवू नये, असे मला वाटते.

इतर तरंगलांबींसाठी सार्वजनिक विदेचाच आधार आहे. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाची मुख्य दुर्बीण सुमारे तीन तासांत सगळे आकाश धुंडाळते, परंतु तिचे तयार गॅमा प्रकाशवक्र (काळानुसार तेजाचे आलेख) किमान तीन दिवसांच्या गटांत मिळतात. माझ्या दोन तासांच्या चढउतारापुढे असा एक बिंदू ठेवून ‘दोन्ही एकाच वेळी वाढले’ असे म्हणणे धाडसाचे आहे. महिन्यांच्या पटावर मात्र तुलना अर्थपूर्ण ठरते. क्ष-किरणांसाठी स्विफ्ट उपग्रहाची मापे पाहतो. अतिनील आणि क्ष-किरण एकत्र टिपणाऱ्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाची निरीक्षणे निवडक काळातच झालेली असतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कमी वारंवारतांवर हे बदल संथ होतात, कारण तो रेडिओ प्रकाश झोताच्या बाहेरच्या, पसरलेल्या भागातून येतो.

2020 च्या उद्रेकात बीएल लॅसर्टीच्या तेजात सुमारे 13 तासांचे आंदोलन आढळले होते. एवढा काळ कोणत्याही एका गच्चीवरून सलग पाहता येत नाही. युरोपात अजून दिवस असताना पुण्यात रात्र सुरू होते आणि तेवढे तास आपल्या रेखांशावरूनच भरून निघू शकतात. त्यामुळे पुढच्या उजळ टप्प्यात इथले आणखी कोणी हे लक्ष्य घेणार असतील, तर त्यांनी सी आणि एच हेच तारे व 8 कोनीय सेकंद त्रिज्येचेच वर्तुळ वापरावे. मापे थेट जोडता येतील. हिवाळ्याच्या उत्तरार्धात मार्केरियन 421 हा दुसरा ब्लेझार घेण्याचा विचार आहे, पण त्याच्यापासून जेमतेम दोन कोनीय मिनिटांवर सहाव्या प्रतीचा तारा आहे आणि त्याची झळाळी मापनवर्तुळात किती उतरते, हे आधी तपासावे लागेल.